नवरदेवाच्या घोडीवर

हे कोणी वाचलंच तर आधी माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट कळलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. वही मुलाची आहे. तो आश्रमशाळेतून सुटीत आला होता, तेव्हा अर्धी कोरी टाकून गेला. मी मागच्या पानापासून लिहायला घेतलं आहे. कोणाची चाहूल लागली की वही ज्वारीच्या कोठीमागं सरकवते. लपवण्यासारखं काही नाही, पण कोणी पाहत असलं की माझ्या हातून काही होत नाही. तोंडातून शब्दही निघत नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं सासरच्या तांड्यात अर्ध्या लोकांना वाटायचं की मी मुकी आहे.

माझे पाय मात्र कधी गप्प बसले नाहीत. भाकरी थापताना, शेतात तण निंदताना, चारचौघींत बसलेली असताना टाचा आपोआप हलतात. माझी जाऊबाई म्हणते, "काय वं, बसल्या जागी शिलाई मशीन चालवून राह्यली का?" पुढचं सगळं त्या पायांमुळेच झालं असं मला वाटतं.

माझं माहेर दिग्रसच्या पलीकडं, डोंगरातला एक तांडा. आमचे जुने लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. माझ्या आठवणीत तसं काही उरलं नव्हतं, सगळे शेती करत. पण माझा बाप बैलांचा व्यापार करायचा आणि बाजारोबाजार हिंडायला त्याच्याकडं एक बुटकी तांबडी घोडी होती. तिला नाल्यावर पाणी पाजायला नेण्याचं काम माझं. जाताना मी तिला दोरानं धरून न्यायची आणि तांडा दिसेनासा झाला की दगडावर चढून तिच्या पाठीवर बसायची. खोगीर नाही, रिकीब नाही, नुसतं एक पोतं. बापाला हे माहीत होतं. तो एवढंच म्हणायचा, "पडली तं मले सांगू नको."

चौथी झाली. पाचवीची शाळा दोन कोसांवर होती. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, सांगितलं की पोरगी आता मोठी झाली, इतक्या दूर धाडायची नाही. त्याच आठवड्यात तिनं घोडीचा दोरही माझ्या हातातून काढून घेतला. शाळा सुटल्याचं मला फार वाईट वाटलं नाही. घोडीचं वाटलं.

लग्न होऊन मी नेर तालुक्यात आले. पंचवीस वर्षं मी कोणत्या जनावराच्या पाठीवर बसले नाही. बैलबंडीत बसले, एसटीत बसले, एकदा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले. बाजारात टांगा दिसला की मी दुसरीकडं पाहायची, जसं एखादी बाई माहेरचा माणूस दिसल्यावर डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून पाहते.

मग कापसाची वाईट वर्षं लागली. ती कशी होती हे इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. बियाणं महाग, भाव पडलेला, आणि विकलेल्या कापसाचा चुकारा हातात कधी येईल याचा नेम नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी जोडधंदा. कोणी शेळ्या घेतल्या, कोणी पिठाची चक्की टाकली. एक दिवस माझे मालक, म्हणजे माझा नवरा, दारव्ह्याहून आले आणि म्हणाले की एक माणूस वरातीची घोडी विकतो आहे.

"कापूस पिको का नाई पिको, लगनं थांबतेत का?" ते म्हणाले. "नवरदेव तं घोडीवर बसनच."

मी चुलीपाशी होते. न वळताच म्हणाले, "मी येते पाह्यले."

मी होऊन कुठं येते म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

घोडी पांढरी होती, नाकपुड्या गुलाबी, डाव्या कानाचं टोक फाटलेलं. घोडीवाल्यानं सांगितलं, आठ वर्षांची आहे. मी तिचा खालचा ओठ उलटून दात पाहिले आणि मालकांच्या कानाशी हळूच बोलले, "बाराची हाय."

घोडीवाल्यानं ते ऐकलं. "वहिनीले दाताची पारख हाय वाट्टे?"

"तिचा बाप जनावरं इकाचा," मालक म्हणाले. त्यानंतर तो किमतीत बराच खाली आला.

दोर हातात देताना त्यानं घोडीची रीत सांगितली. रोज सकाळी दोर धरून एक कोस चालवायची, नाहीतर अंगावर येते. तोबऱ्यात भिजवलेला हरभरा द्यायचा. ढोल वाजला की ती नाचेल आणि ढोल थांबेपर्यंत थांबणार नाही, तिला तसंच शिकवलेलं आहे. आणि शेवटचं बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. "हिच्यावर बाईमाणसाले बसू देऊ नका. नवरदेवाची घोडी हाय. बाई बसलेली घोडी वरातीले कोणी घेत नाई, अपशकुन मानतेत."

मी खाली पाहिलं. माझ्या टाचा हलत होत्या.

पैसे जाऊबाईचे होते. थोरले दीर वारल्यावर तिनं दोन म्हशींवर घर ओढलं आणि पोरीच्या लग्नासाठी पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले होते. ते तिनं मालकांना दिले नाहीत, मला दिले. म्हणाली, "भाऊजीले मी कशी मांगू वापस? तुले मांगता येते मले. पोट्टीच्या लग्नाच्या आंधी सारे पायजे. मंग तुही घोडी नाचो का मरो. नाई जमलं तं घोडी इकायची आन् मले द्यायचे." मी मान हलवली. त्या दिवसापासून माझ्यासाठी गोष्ट सरळ होती. घोडीनं पैसे फेडले तर घोडी राहील, नाही फेडले तर जाईल.

पहिल्या उन्हाळ्यात बरं चाललं. याडीची जुनी आरशांची ओढणी माझ्या पेटीत होती. ती कापून मी घोडीच्या कपाळावरची पट्टी आणि गळ्याची झालर शिवली. वरातीत दिवे पडले की घोडीच्या कपाळावर चांदण्या उतरल्यासारख्या दिसतात असं मालक सांगायचे. मी कधी वरात पाहायला गेले नाही. ते परत आले की घोडीचे पाय पाण्यानं धुवायचे आणि तिला खरारा करायचे. जाऊबाईला चार वेळा थोडे थोडे पैसे पोचले.

वैशाखात एका वरातीत कोणी तिच्या पायाखाली फटाक्यांची माळ टाकली. घोडी उडाली आणि खाली आली ती मालकांच्या पावलावर. पाऊल मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर झालं. पुढची चार लग्नं हातची गेली. मग पाऊस आला आणि लग्नसराई संपली. कार्तिकापर्यंत घोडीला काम नव्हतं.

घोडी खुंट्याला उभी राहिली. आठ दिवसांत तिनं खुंटा चावून अर्धा केला. गोठ्याच्या कुडाला लाथा मारून भगदाड पाडलं. रात्रंदिवस ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घ्यायची, इकडून तिकडं, इकडून तिकडं. तिच्याकडं पाहिलं की मला माझेच पाय दिसायचे.

मालक खाटेवरून म्हणायचे, "दारव्ह्याच्या त्या घोडीवाल्याले बोलावतो, तो फिरवून आणीन." तो माणूस काही आला नाही.

एके दिवशी उजाडायच्या आत मी दोर सोडला आणि तिला शेतांमधल्या पांदणीनं नाल्याकडं घेऊन गेले. फक्त चालवायला. तिसऱ्या दिवशीही फक्त चालवायलाच. पाचव्या दिवशी नाल्यातला एक सपाट दगड दिसला. मी तिला त्याच्या शेजारी उभी केली. आत मालकांचा पायजमा घालून आले होते, म्हणजे मनात आधीच होतं. वर चढले आणि दुसऱ्या बाजूनं खाली पडले.

घोडी वळून पाहत राहिली. मला हसू आलं. "पडली तं मले सांगू नको," मी तिलाच म्हणाले आणि पुन्हा चढले.

लहानपणी पाय आपोआप धरायचे. आता अंग आठवत होतं, पण उशिरा. घोडी डावीकडं वळल्यावर मला कळायचं की आता तोल सांभाळायला हवा होता. कंबर आखडलेली, मांड्यांना गोळे. त्या दिवशी मी भिंतीला धरून घरात शिरले.

जाऊबाई ओट्यावर होती. "काय झालं वं? अशी काऊन चालून राह्यली बदकासारखी?"

"घसरली नाल्यात."

"रोज घसरतं का? काल बी अशीच चालत होती."

मालकांना त्यांच्या पायजम्यानं सांगितलं. एका सकाळी प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून ते पायजमा हातात घेऊन पाहत बसले होते. "मी तं दोन महिने झाले खाटेवर हाओ," ते म्हणाले. "मंग माह्या पायजम्याले घोडीचे केस कसे लागले?"

मी चुलीत काटकी सरकवली.

"कोणी पाह्यलं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"पाहू देऊ नको," ते म्हणाले आणि पायजमा माझ्याकडं फेकला. "आन् टाच लावून मांगून चाल दे तिले, लगाम ओढून धरू नको. तिचं तोंड कच्चं हाय, दुखते तिले."

एवढंच. मी घागर उचलून पाण्याला गेले. वाटेत मला रडू का आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

वरातीच्या घोडीची एक खोड मला तेव्हा कळली. पाठीवर माणूस असला की तिला सलग चालायचं माहीत नसतं. दहा पावलं टाकायची आणि थांबायचं, कारण वरात थांबते, लोक नाचतात. पुन्हा दहा पावलं. बारा वर्षांची घोडी, पण पाठीवर कोणी घेऊन एका दमात शंभर पावलं ती कधी चालली नव्हती. मी टाच लावली की ती चालायची, दहा पावलं झाली की उभी. कोण नाचणार आहे याची वाट पाहत कान टवकारून उभी. चहूकडं फक्त कपाशीची पऱ्हाटी, मोकळा नाला आणि कुठंतरी मोराचा आवाज.

"कोणी नाई नाचत," मी तिला सांगायची. "चाल."

तांड्यात मी वर्षभरात बोलत नसेन तेवढं त्या नाल्यात घोडीशी बोलले. पोळ्यापर्यंत ती वीस पावलं चालायला लागली. मग पुढच्या बाभळीपर्यंत. मग एक दिवस ती स्वतःहून दुडक्या चालीला लागली आणि नाल्याच्या वळणाच्या पुढं गेली, जिथं मी पंचवीस वर्षं राहूनही कधी पाऊल टाकलं नव्हतं. वळणापलीकडं काही विशेष नव्हतं. तसाच नाला, तशीच पऱ्हाटी. पण मला घरी यावंसं वाटलं नाही. घरी येऊन भाकरी थापताना मी तिथंच होते. दुसऱ्या दिवशी त्याच्याही पुढं. सकाळ लवकर व्हावी म्हणून मी तडफडायची आणि सकाळ झाली की ती संपू नये म्हणून.

पुढं पुढं जाण्याच्या नादात मी एके दिवशी डांबरी रस्त्यापर्यंत पोचले. ऊन वर आलं होतं. फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथं माणसं होती. मी घोडी वळवणारच होते, तेवढ्यात रब्बीच्या बियाण्याच्या जाहिरातीची जीप आली. त्या वर्षांत अशा जिपा फार फिरायच्या. वर कर्णा बांधलेला, मागं एक माणूस ढोल घेऊन बसलेला.

ढोलावर टिपरी पडली आणि घोडी नाचायला लागली.

तिनं मान वाकडी केली, पुढचे पाय आळीपाळीनं उचलले आणि जागच्या जागी ठुमकत गोल फिरायला लागली. मी तिच्यावर, मालकांच्या पायजम्यात, पदर कमरेला खोचलेला. टपरीवरची माणसं उठून रस्त्यावर आली. ढोलवाल्याला तर जोरच चढला. त्यानं अशी घोडी फुकट कधी नाचवली नसेल. कर्ण्यावरचा माणूस ओरडला, "पाहा हो पाहा! आमचं बियाणं लावलं तं वहिनी बी घोड्यावर!"

माणसं हसली. कोणी शिट्टी वाजवली. कोणीतरी म्हणालं, "अरे, ही तं तांड्यावरची लग्नाची घोडी हाय ना?"

"ढोल थांबवा." हे दोन शब्द म्हटले असते तर संपलं असतं. ढोल थांबला की घोडी थांबते, मला माहीत होतं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी आयाळ धरून बसले आणि घोडी नाचत राहिली, एक गाणं पुरं होईपर्यंत. इतक्या माणसांनी माझ्याकडं एकत्र कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

घरी येईपर्यंत बातमी माझ्या पुढं पोचली होती. जाऊबाई गोठ्याच्या तोंडाशी उभी होती.

"नाचली म्हणे," ती म्हणाली.

मी घोडी बांधायला लागले.

"घोडी नाचली थे ठीक. तू कायले नाचाले गेली वर बसून?" मग तिचा आवाज खाली आला. "माह्या पोट्टीचे पैसे हायेत त्या घोडीत. तुले माईत होतं ना, बाई बसलेली घोडी चालत नाई म्हणून?"

माहीत होतं. हेच तर होतं. मी चुकून बसले नव्हते.

दिवाळीनंतर दोघांनी घोडीसाठी आगाऊ दिलेला इसार परत मागितला. तिसऱ्यानं निरोपच धाडला की आमचा नवरदेव पायी येईल. मालकांचा पाय तोवर बरा झाला होता, थोडे लंगडत. ते गावोगाव जाऊन सांगून आले की तो गैरसमज आहे, घोडीवर दुसरंच कोणी होतं. कोणी ऐकलं नाही. त्यात कापूस बोंडातच सडला. लग्नं झाली, पण कशी, सकाळी हळद, दुपारी अक्षता, बँड नाही, वरात नाही. ज्यांनी घोडी सांगितली असती त्यांनीही जीपवर भागवलं. त्यामुळं घोडी कशानं रिकामी राहिली, माझ्यामुळं की कापसामुळं, हे मला आजही नीट ठरवता येत नाही. जाऊबाईला विचाराल तर माझ्यामुळं. मालक म्हणायचे, "तू फिरवली नसती तं खुट्यालेच मेली असती." दोन्ही खरं असावं.

मी फिरायचं थांबवलं नाही. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पायजमा धुवून दोरीवर टाकायला लागले, सगळ्यांना दिसेल असा. पण रस्ता मात्र टाळायची. नाल्यानंच जायची.

पौषात जाऊबाईच्या पोरीचं लग्न ठरलं. तारीख फाल्गुनातली. अजून सात हजार द्यायचे होते. जाऊबाईनं मला आठवण करून दिली नाही. ती फक्त रोज गोठ्यासमोरून जाताना घोडीकडं पाहायची, आणि मी तिला तसं पाहताना पाहायची.

माघात काठेवाडी आले, गुजरातकडचे गुराखी. पऱ्हाटी उपटून झाली की दरवर्षी येतात, गाईंचे कळप, उंट आणि बायकापोरं घेऊन, आणि मोकळ्या शेतांतून जनावरं चारत पुढं जातात. त्या साली त्यांचा मुक्काम नेरच्या बाहेर होता. मालक कापूस घेऊन बाजारात गेले होते, तिथं त्यांना कळलं की त्या लोकांना एक घोडी हवी आहे. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, जेवले, आणि मग सांगितलं.

"त्याह्यले वरात-गिरात काई नाई," ते म्हणाले. "आठ हजार देतेत."

मी ताटं उचलली. घासली. पालथी घातली. मग म्हणाले, "कधी न्यायची?"

"मी नेतो उद्या."

"नाई. तुम्ही एसटीनं या. मी नेते, घोडीवर."

"पाच कोस हाय. सारा रस्ता हाय. नेरात कापसाच्या गाड्याच गाड्या लागल्या हायेत."

"असू द्या."

सकाळी मी तिचे खूर साफ केले. आरशांची पट्टी बांधली नाही, ती काढून पेटीत ठेवली. जाऊबाई आपल्या दारात उभी राहून पाहत होती. मी पायजम्यावर लुगडं नीट खोचलं, ओट्यावरून घोडीवर बसले, सगळ्या तांड्यादेखत, आणि निघाले.

ती थांबलीच नाही. पाच कोस, एकदाही नाही. मी मनात पावलं मोजत होते, आता दहा झाली, आता थांबेल. फाट्यावरची टपरी आली तेव्हा मी आयाळ धरली, पण ती कान हलवत पुढं गेली. तिला जणू वाटत होतं की आपण रोज जातो तसंच पुढं पुढं जातो आहोत. मला उतरून पायी चालावंसं वाटत होतं आणि पळतही सुटावंसं वाटत होतं. एका ठिकाणी खरंच लगाम सैल सोडला. ती धावली. माझ्या कानात वारा भरला, आणि त्या वाऱ्यात मी बापाला हाक मारली. का मारली, माहीत नाही. तो जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

नेरला बाजारापासून रस्त्याच्या कडेनं कापसाच्या बंड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागलेली होती. माणसं दोन-दोन दिवसांपासून नंबरची वाट पाहत गाड्यांवर बसलेली. कंटाळलेली. अशा माणसांसमोरून पांढऱ्या घोडीवर बसलेली बाई जाते म्हटल्यावर काय होणार.

"अरे पाहा रे, पाहा!"

"काय वं बाई, नवरीच निंघाली का आता नवरदेवाले आणाले?"

"नवरदेव कुठी हाय पर? नवरदेव कुठी सांडला?"

रांगभर हसू पसरलं. पुन्हा तसंच, पुन्हा तेवढीच माणसं. माझ्या मांड्यांनी घोडीला घट्ट धरलं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, चांगलं मोठ्यानं:

"नवरदेव एसटीनं येऊन राह्यला!"

मग जो हशा उठला, तो बंडीबंडीनं रांगेच्या शेवटापर्यंत गेला. एक म्हातारा कापसाच्या गंजीवरून पागोटं हलवत म्हणाला, "जाय माय, जाय, येईन तो मांगून!" मीही हसत होते. खोटं तर बोलले नव्हते.

काठेवाड्यांच्या पालांपाशी मालक माझ्या पाठोपाठ पोचले. तिथं सौदा करायला एक म्हातारी पुढं आली, अंगभर गोंदलेली, कानांत जाड चांदी. तिनं घोडीचे दात पाहिले, माझ्यासारखेच, ओठ उलटून.

"नाचती है?" तिनं विचारलं.

"ढोल बजा तो," मी म्हणाले. माझी हिंदी तेवढीच.

"हमारे पास ढोल नहीं." तिनं खोगिराच्या जागी हात फिरवला. "इस पे बैठता कौन है?"

मालकांनी तोंड उघडलं होतं. मी आधी म्हणाले, "मैं."

म्हातारीनं माझ्याकडं वरपासून पायजम्यापर्यंत पाहिलं. मग तिनं घागरा गुडघ्याखाली गुंडाळला, आयाळ धरली आणि एका उडीत वर बसली. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी असेल. पालांना एक फेरी मारून आली. उतरली नाही, वरूनच माणसाला पैसे द्यायची खूण केली.

मी घोडीच्या फाटक्या कानाला हात लावला. ती माझ्याकडं पाहत नव्हती. तिचं लक्ष उंटांकडं होतं. ते लोक दोन दिवसांनी पुढं वणीच्या बाजूला जाणार होते, असं मालकांनी सांगितलं. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा रागही आला. जाणारी ती होती.

येताना एसटीत मला खिडकी मिळाली. मालक शेजारी. दोन थांबे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "सकाळी एसटीतून उतरलो तं रांगेतले लोक इचारत होते, एसटीचा नवरदेव कोण म्हणून. मी काई बोललो नाई." मी खिडकीतून पाहत राहिले. माझ्या टाचा बसच्या पत्र्यावर वाजत होत्या. त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि आपला मोडका पाय माझ्या पायाशेजारी सरकवून ठेवला.

जाऊबाई ओट्यावर डाळ पाखडत होती. मी पदराची गाठ सोडली आणि सात हजार तिच्या सुपाशेजारी ठेवले.

"मोजून घ्या, बाई."

तिनं सूप खाली ठेवलं. हात झाडले. बोटाला थुंकी लावून मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. गोठ्याकडं पाहिलं. तिथं चावलेला खुंटा होता.

"जावई कायच्यावर येईन मंग?" ती म्हणाली.

"जीप सांगतो म्हणे हे."

"हं." तिनं नोटांची घडी करून चोळीत खोचली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "झाले वं सारे. एक रुपया नाई राह्यला तुह्याकडं."